उभ्या गाडीची थंडी

डिसेंबर लागला की आपल्याकडच्या अनेक घरांत एक बेत शिजू लागतो. मुलांना नाताळची सुट्टी असते, कुणाची तरी रजा शिल्लक असते आणि घरातले सगळ्यात लहान माणूस हट्ट धरते की या वर्षी बर्फ पाहायचाच. पूर्वी अशा वेळी आगगाडीची तिकिटे काढायची, पुढे तिकडचीच गाडी भाड्याने घ्यायची, अशी रीत होती. आता रस्ते सुधारले. पुण्याहून किंवा नाशिकहून स्वतःची गाडी घेऊन मनालीपर्यंत जाणारी कुटुंबे काही कमी नाहीत. त्यात 3 ऑक्टोबर 2020 रोजी 9 किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला. रोहतांग खिंड बंद झाली की सहा-सहा महिने जगापासून तुटणारा लाहौलचा मुलूख आता हिवाळ्यातही हाकेच्या अंतरावर आला आहे.

बेत चांगला आहे, जरूर करावा. पण माणसांसाठी स्वेटर, कानटोप्या, हातमोजे यांची यादी करताना आपण गाडीला विसरतो. आपली गाडी वाढते ती उन्हात आणि पावसात. आपली थंडी म्हणजे निफाडला पारा चार-पाच अंशांवर आला किंवा महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठले, की दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. नऊ वाजता ऊन पडते आणि सगळे वितळते. त्यामुळे आपल्या गॅरेजमधल्या मिस्त्रींनाही या गोष्टीचा विचार करण्याची वेळ क्वचितच येते. विचार आपण करायचा आणि त्यांना सांगायचा.

सुरुवातीलाच एक गोष्ट नीट ध्यानात घेऊ. धावत्या इंजिनाला थंडी फारसे काही करत नाही. ते स्वतःच एक भट्टी असते. त्यातले पाणी नव्वद अंशांच्या आसपास तापलेले असते. थंडी गाठते ती उभ्या गाडीला. रात्री हॉटेलच्या आवारात उभी असताना, किंवा घाटात पुढची वाट बंद झाल्यामुळे रांगेत थांबलेली असताना. म्हणून पहाडात नेण्यासाठी गाडी तयार करायची, तर ती धावण्यासाठी जितकी, तितकीच उभी राहण्यासाठीही तयार करायला हवी.

पहिली गोष्ट पाण्याची. आपल्याकडे रेडिएटरमधले पाणी कमी झाले की बाटलीतले, नळाचे, प्रसंगी विहिरीचेही पाणी ओतले जाते. उन्हाळ्यात ते चालून जाते. पण पाण्याचा एक विचित्र स्वभाव आहे. बहुतेक पदार्थ गोठताना आकसतात, पाणी गोठताना फुगते. जवळजवळ नऊ टक्क्यांनी फुगते. फ्रीजरमध्ये विसरलेली काचेची बाटली फुटते ती याचमुळे. इंजिनाच्या पोटातले पाणी असे गोठले, तर रेडिएटर फुटतो आणि लोखंडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या ब्लॉकलाही तडा जाऊ शकतो. मग ती दुरुस्ती नुसत्या पान्याने होत नाही, इंजिनच उतरवावे लागते.

यावर उपाय म्हणजे कूलंट. पण तिथेही एक गंमत आहे. कूलंटमधले मुख्य रसायन, इथिलिन ग्लायकॉल, एकटे असेल तर उणे 13 अंशांच्या आसपासच गोठते. पाणी शून्याला गोठते. दोघांना निम्मे-निम्मे मिसळले की ते मिश्रण मात्र उणे 35 अंशांपर्यंत गोठत नाही. दोघांपैकी कुणालाही एकट्याने जे जमत नाही, ते जोडीने साधते. म्हणून ‘जास्त घातले म्हणजे जास्त चांगले’ हा हिशेब इथे लागू नाही. गॅरेजमध्ये सरळ विचारावे, ‘दादा, यात कूलंट किती आणि साधे पाणी किती?’ उत्तर ठाम मिळाले नाही, तर सगळे काढून निम्मे कूलंट आणि निम्मे डिस्टिल्ड वॉटर भरून घ्यावे. काही कूलंट तयार मिसळूनच येतात, त्यांत पुन्हा पाणी घालायचे नसते. डब्यावर ते लिहिलेले असते.

दुसरी गोष्ट डिझेलची. पेट्रोलच्या गाडीवाल्यांना ही चिंता नाही, आपल्या पहाडांतल्या थंडीत पेट्रोल गोठत नाही. डिझेलमध्ये मात्र मेणाचा अंश असतो. मैदानी भागातले साधे डिझेल शून्याच्या आसपासच गढूळ होऊ लागते, मेणाचे कण फिल्टरमध्ये बसतात आणि इंजिनापर्यंत डिझेल पोचतच नाही. रात्री नीट उभी केलेली गाडी सकाळी सेल्फ मारूनही सुरू होत नाही. 2019 च्या नोव्हेंबरमध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणले, ते उणे 33 अंशांपर्यंत वाहते राहते. तेव्हा मैदानात टाकी काठोकाठ भरून वर जाऊ नये. वर पोचेपर्यंत खालचे डिझेल संपत यावे आणि तिथल्या पंपावर, विचारून, तिथले डिझेल भरावे, हा शहाणपणाचा मार्ग. डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्याचा जुना तोडगा आजच्या इंजिनांना मानवत नाही, त्यांचे नाजूक पंप खराब होतात. टाकीखाली शेगडी किंवा स्टोव्ह पेटवण्याच्या वाटेला तर कुणीच जाऊ नये.

तिसरी बॅटरी. बॅटरी म्हणजे आत चाललेली रासायनिक क्रिया, आणि थंडीत ती क्रिया मंदावते. उणे 18 अंशांला बॅटरीची ताकद जवळपास निम्मी होते. त्याच वेळी इंजिनातले ऑइल घट्ट झालेले असते, म्हणजे इंजिन फिरवायला ताकद मात्र जास्त लागते. एकीकडे अशक्त बैल आणि दुसरीकडे जड गाडा, अशी अवस्था. पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीतले आम्ल कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही, पण उतरलेल्या बॅटरीत पाण्याचा अंश वाढतो आणि ती उणे दहाच्या आसपासही गोठू शकते. चार वर्षे जुनी, पावसाळ्यात एकदा-दोनदा धक्का मारायला लावलेली बॅटरी असेल, तर ती निघण्यापूर्वीच बदलावी. गाडीत जंपर केबल ठेवावी.

ऑइलच्या डब्यावर 5डब्ल्यू-30, 15डब्ल्यू-40 असे आकडे असतात. त्यातला ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके ते ऑइल थंडीत पातळ राहते. गाडीच्या पुस्तिकेत चालणारी ऑइले दिलेली असतात. त्यांतले लहान आकड्याचे निवडावे.

चाकातली हवाही थंडीत आकसते. तापमान पाच-सहा अंशांनी उतरले की साधारण एक पौंड हवा कमी भरते. पुण्यात दुपारी तीस अंशांत भरलेली हवा उणे पाच अंशांच्या पहाटे सहा पौंडांनी उतरलेली असू शकते. उलट, उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब कमी असल्याने मापकात थोडी भर पडते. हा हिशेब डोक्यात करत बसण्यापेक्षा सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी, तिथेच हवा मोजावी आणि कंपनीने सांगितली तेवढी ठेवावी. निसरडे होऊ नये म्हणून हवा काढून टाकण्याचा सल्ला पक्क्या रस्त्यावर ऐकू नये.

रात्री गाडी उभी करताना तीन लहान सवयी लावून घ्याव्यात. हँडब्रेक ओढून ठेवू नये, कारण ओलाव्यामुळे तो तसाच गोठून बसतो. त्याऐवजी सपाट जागा पाहून गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि चाकांना दगड लावावेत. वायपर काचेवरून उचलून उभे ठेवावेत, नाहीतर सकाळी त्यांचे रबर काचेला चिकटलेले असते. आणि सकाळी काचेवरचा बर्फ काढायला उकळते पाणी ओतू नये, काच तडकते. प्लॅस्टिकची पट्टी घेऊन खरवडावे. काच धुण्याच्या टाकीतही साधे पाणी न ठेवता न गोठणारे द्रावण ठेवावे.

आता रस्त्याकडे वळू. ‘बर्फ’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. आपण गोळेवाल्याच्या लादीलाही बर्फ म्हणतो आणि आभाळातून पडणाऱ्या कापसालाही बर्फच म्हणतो. घरात बसून कविता करायला ते पुरते, पण गाडी चालवताना हा फरक कळला पाहिजे. ताज्या भुसभुशीत बर्फात चाक थोडेफार रुतते, पकड मिळते. शंभर गाड्यांनी दाबून घट्ट केलेला बर्फ काचेसारखा होतो. आणि सगळ्यांत फसवा तो पारदर्शक थर. त्यातून खालचे डांबर दिसते, म्हणून रस्ता नुसता ओला वाटतो. तो सापडतो पुलांवर, डोंगराच्या सावलीतल्या वळणांवर, सकाळी ऊन येण्यापूर्वी आणि संध्याकाळी ऊन गेल्यावर. म्हणून उशिरा निघावे आणि लवकर पोचावे.

आपल्या नेहमीच्या टायरचे रबर थंडीत कडक होते, सात अंशांच्या खालीच त्याची पकड कमी होऊ लागते. पहाडात त्यावर साखळ्या चढवतात. त्या इंजिन ज्या चाकांना फिरवते त्यांवर लावायच्या. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत ती पुढची चाके असतात. साखळी लावल्यावर वेग तीस-चाळीसच्या आत ठेवायचा आणि कोरडा रस्ता आला की ती काढायची. बसवायची कशी, हे घरी अंगणात एकदा करून पाहावे. बोटे बधिर झालेली असताना शिकण्याची ती गोष्ट नव्हे. आणि साखळ्या असोत वा फोर-बाय-फोर गाडी असो, ब्रेक जपून, हळूच, लांबून लावायचा. उतारावर वेग आवरायचे काम लहान गिअरवर सोपवायचे.

इतके सगळे करूनही गाडी अडकू शकते, कारण पुढे दुसऱ्या कुणाची तरी अडकलेली असते. 2024 च्या डिसेंबरअखेर सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात बर्फवृष्टीमुळे शेकडो गाड्या तासन्‌तास खोळंबल्या होत्या, पोलिसांनी पर्यटकांना बाहेर काढले. सगळ्यांच्याच नशिबी असे घडत नाही. पाकिस्तानात इस्लामाबादजवळ मरी नावाचे थंड हवेचे ठिकाण आहे. 2022 च्या जानेवारीत, 7 तारखेच्या रात्री, बर्फ पाहायला आलेल्या लोकांच्या मोटारी तिथल्या रस्त्यांवर अडकल्या. सकाळपर्यंत किमान 22 माणसे दगावली, त्यांत लहान मुले होती. अनेक जण आपापल्या मोटारीत बसल्या जागी गेले. मृत्यूचे कारण थंडी आणि कार्बन मोनॉक्साइड वायू, असे तेव्हा सांगण्यात आले.

हे कसे घडते ते समजून घ्या, कारण या भाषणातले सगळ्यांत महत्त्वाचे ते हेच. गाडी अडकते. मुले कुडकुडतात. आपण काचा बंद करतो, इंजिन चालू ठेवतो आणि हीटर लावतो. बाहेर बर्फ पडतच असतो. तो हळूहळू चढत मागच्या सायलेन्सरच्या नळीवर येतो. धुराला वाट उरत नाही. तो गाडीखाली साचतो आणि फटींमधून, हवेच्या झरोक्यांतून आत शिरतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक आवडीने त्याला धरते. डोके दुखते, मळमळते, मग गुंगी येते. दमलेल्या माणसाला वाटते, झोप येते आहे. ऊब असते, म्हणून संशयही येत नाही.

म्हणून अडकलात तर आधी खाली उतरून सायलेन्सरच्या नळीभोवतीचा बर्फ काढा आणि पुन्हा पुन्हा काढत राहा. इंजिन सतत चालू ठेवू नका, तासातून दहा मिनिटे पुरे. ते चालू असताना वारा लागत नाही त्या बाजूची काच दोन बोटे उघडी ठेवा. सगळ्यांनी एकदम झोपू नका, एकाने जागे राहावे. कुणाचे डोके दुखू लागले तर इंजिन बंद करा, दारे उघडा, मोकळी हवा घ्या, थंडी वाजली तरी चालेल. गाडीत कोळशाची शेगडी कधीही पेटवू नका. विजेवर चालणाऱ्या गाडीत धूर नसल्यामुळे हा धोका नाही, पण थंडीत तिचा पल्ला चांगलाच घटतो, तेव्हा चार्जिंगचा हिशेब हात राखून करावा.

ऊब आणायची ती घोंगड्यांतून, ब्लँकेटांतून. आपले साधे घोंगडे इथे हीटरपेक्षा भरवशाचे. माणशी एक पांघरूण, पिण्याचे पाणी, शेंगदाण्याची चिक्की, औषधे, टॉर्च, भरलेली पॉवर बँक आणि एक लहान फावडे, एवढे सामान डिकीत हवेच. टाकी निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नये.

शेवटचे एवढेच सांगतो. बर्फ पडू लागला की पोलिस पुढे अनेकदा फोर-बाय-फोर किंवा साखळ्या लावलेल्या गाड्याच सोडतात. आपल्याला अडवले तर वाद घालू नये. न अडवताही आभाळ भरून आलेले दिसले, तर आपणहून गाडी वळवावी. दोन हजार किलोमीटर आलो म्हणून उरलेले दहा किलोमीटर गेलेच पाहिजे, असे काही नसते. रस्ता उद्याही तिथेच असतो, बर्फ पुढच्या वर्षीही पडतो.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)