पायगाडीची पूर्वज

सायकलच्या घराण्यातल्या पहिल्या गाडीला पायडल नव्हते. कार्ल फॉन ड्राइस या जर्मन वनाधिकाऱ्याने १२ जून १८१७ रोजी ती मानहाइममध्ये रस्त्यावर आणली. एकामागे एक दोन लाकडी चाके, त्यांना जोडणारी तुळई, तिच्यावर बैठक आणि पुढचे चाक वळवायला दांडा. स्वार बसल्याबसल्या आळीपाळीने जमिनीला पाय रेटत पळे. त्या दिवशी ड्राइसने जाऊन-येऊन सुमारे १४ किलोमीटर अंतर तासाभरात कापले.

त्याचा खरा शोध तोलाचा. गाडी कलेल त्या बाजूला पुढचे चाक वळवले की चाके पुन्हा अंगाखाली येतात आणि स्वार पडत नाही. आजची सायकलही याच तत्त्वावर उभी आहे, म्हणून पहिल्या मानाचा हक्क ड्राइसचाच.

त्याने यंत्राला 'लाउफमाशीन', म्हणजे धावयंत्र, म्हटले. लोकांनी त्याच्याच नावावरून 'ड्राइसीने' केले. फ्रान्समध्ये १८१८ साली 'व्हेलोसिपेड' हे नाव आले. लॅटिनमधल्या 'जलद' आणि 'पाय' या शब्दांची ती जोड. त्याच वर्षी लंडनचा गाडी-कारागीर डेनिस जॉन्सन याने 'पेडेस्ट्रियन करिकल' या भारदस्त नावाने पेटंट घेतले. श्रीमंत, नटव्या तरुणांची ही हौस पाहून लंडनकरांनी मात्र तिला 'डँडी हॉर्स' ठरवले.

१८६०च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायडल बसले. श्रेय पिएर मिशोचे की पिएर लालमाँचे, हा वाद जुना आहे. १८६६चे अमेरिकी पेटंट लालमाँचे. लोखंडी धाव चढवलेली ही लाकडी चाके फरसबंदीवर अंग खिळखिळे करीत, म्हणून इंग्रजीत ती 'बोनशेकर', हाडे हलवणारी. पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा होई. वेगासाठी पुढचे चाक वाढवत नेले आणि मोठ्या-लहान नाण्यांवरून 'पेनी-फार्दिंग' हे नाव पडले. १८८५ साली जॉन केम्प स्टार्लीच्या 'रोव्हर'ने साखळीने मागचे चाक फिरवले. उंच चाकाची गरज संपली.

१८८८ साली किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलचे दुकान काढले. लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत. तिथून ते सायकली पाठवत आणि बंधू रामूअण्णा त्या बेळगावात विकत. मराठीने या वाहनाला 'पायगाडी' म्हटले, 'दुचाकी'ही म्हटले. पुढे 'सायकल' रुळली, 'पायगाडी' मागे पडली आणि 'दुचाकी' स्कूटर-मोटारसायकलकडे गेली.