फॉरेनला नाही, सास्तूरला!

परदेशात जायचं, लहान मुलांबरोबर दोन आठवडे ‘व्हॉलंटिअरिंग’ करायचं आणि एकदम रिचार्ज होऊन परत यायचं... प्लॅन सॉलिड होता. मध्ये मावशी आली आणि एका अंगणवाडीनं सगळा फंडाच बदलून टाकला!

खरं सांगते, माझं तिकीट जवळजवळ बुक झालं होतं. हिंजवडीतल्या क्युबिकलमध्ये सहा वर्षं काढल्यावर कुणालाही वाटतं तसं मलाही वाटायला लागलं होतं, की बॉस, आयुष्यात काहीतरी ‘मीनिंगफुल’ करायला हवं. ऑफिसमधली एक मैत्रीण कंबोडियात बालवाडीतल्या मुलांना शिकवून आली होती. तिचे फोटो बघून मीही नेपाळमधला एक प्रोग्रॅम शोधला. चौदा दिवस, तीन ते सहा वर्षांची मुलं, छोटंसं गाव, मागे डोंगर. फी भरायची, राहणं-खाणं त्यांचं. अनुभवाची अट नाही, मराठी-हिंदी-इंग्रजी काहीही चालेल. फक्त ‘मुलांविषयी प्रेम हवं’!

दिवाळीत मावशी घरी आली होती. तिला मोठ्या उत्साहानं सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “तिथल्या लेकरांची भाषा येती का तुला?”

“नाही गं.”

“मग लेकरू रडलं तर काय म्हणून रडायलंय, ते कसं कळणार?”

मी गप्प. मग मावशी म्हणाली, “आमच्याकडं ये. भाषा तरी कळंल.”

मावशीचं सासर सास्तूर. धाराशिव, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्यातलं, लोहारा तालुक्यातलं गाव. अशा रीतीनं डिसेंबरात मी विमानाऐवजी सोलापूरची गाडी पकडली. सोबत बॅग भरून क्रेयॉन्स, फुगे आणि साबणाचे बुडबुडे काढायचं मशीन. जिंकायला निघाले होते ना!

भूकंपानंतरचं गाव

तुमच्यापैकी अनेकांचा तेव्हा जन्मही झाला नसेल (माझाही नव्हता), म्हणून थोडी उजळणी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती विसर्जन करून लोक नुकतेच झोपले होते. किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, अशी घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून जवळपास आठ हजार माणसं गेली. ५२ गावांचं दुसऱ्या जागी पुनर्वसन करायचं ठरलं. जमिनीच्या हिशोबानं २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची घरं मिळाली. जुन्या गावातल्या बोळांऐवजी आता सरळ, रुंद रस्ते आहेत. शहरातून गेलेल्याला ते एखाद्या सरकारी कॉलनीसारखं वाटतं. मावशी मात्र अजूनही ‘जुनं गाव’ म्हणताना मान वळवून वेगळ्याच दिशेला बघते.

पहिल्या रात्री जेवताना तिनं एक गोष्ट सांगितली. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते, तेव्हाची. माझा मावसभाऊ तेव्हा चार वर्षांचा. गावात मदतीला खूप माणसं आली होती. कुठून कुठून. त्यांत शहरातली एक मुलगी होती, कॉलेजातली असावी. रोज शेडमधली सगळी पोरं गोळा करायची, गाणी म्हणायची, चित्रं काढून घ्यायची.

“लई गुणाची पोरगी. दादा तर तिला चिकटूनच असायचा,” मावशी म्हणाली. “महिन्यानं गेली. जायचंच होतं तिला, तिचं काय चुकलं? पण ह्यो पंधरा दिवस रस्त्यावर जाऊन बसायचा. गाडी आली की उठायचा. घर गेलं तवा जेवढा रडला नव्हता, तेवढा तवा रडला बघ.”

दादा आज छत्तीस वर्षांचा आहे. समोरच बसला होता. “मला काही आठवत नाही,” तो हसत म्हणाला आणि ताटात बघत राहिला.

माझा पहिला दिवस, अर्थात पूर्ण गोंधळ

अंगणवाडीत कुणीही उठून आत शिरू शकत नाही. मावशीनं आधीच ताईंना विचारून ठेवलं होतं आणि ताईंनी पर्यवेक्षिकाबाईंची परवानगी काढली होती. अटी साध्या : मुलांचे फोटो काढायचे नाहीत, खाऊ वाटायचा नाही आणि ताई नसताना एकटीनं वर्ग घ्यायचा नाही.

पहिल्या दिवशी मी बुडबुड्यांचं मशीन काढलं. बास! वीस पोरं एकदम सुटली. कोण कुणाच्या अंगावर, कोण पायरीवर आपटलं. दोघं मोठ्यांदा रडायला लागली. तेवढ्यात खिचडी आली, पण पंगत बसेना. हात धुवायची रांग मोडली. जेवायच्या आधी रोज म्हणतात ती प्रार्थना राहिलीच. मी फोनशिवाय बसले होते म्हणून, नाहीतर फोटो भन्नाट आले असते, एवढंच.

ताई काहीच बोलल्या नाहीत. मुलं गेल्यावर फरशी पुसता पुसता म्हणाल्या, “उद्यापासून तुम्ही मधे नका बसू. कडेला बसा. चार दिवस नुसतं बघा.”

इगो दुखावला, कबूल करते! पण कडेला बसल्यावर जे दिसलं, ते कुठल्याच ब्रोशरमध्ये नसतं.

कडेला बसून काय दिसतं?

अंगणवाडी म्हणजे ‘खिचडीची शाळा’ असं तुम्हाला वाटतं का? मलाही वाटायचं. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली आणि तेव्हापासून या एका खोलीवर सहा कामं आहेत : पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरजेप्रमाणे दवाखान्यात पाठवणं, आयांना पोषण-आरोग्याची माहिती आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं शाळेआधीचं शिक्षण. यांतलं बालवाडीचं काम आपल्याला दिसतं. बाकीचं करता करता ताई मुलांची वजनं घेतात, उंची मोजतात, फोनवर पोषण ट्रॅकरमध्ये माहिती भरतात, गरोदर बायकांच्या घरी जातात. सोबतीला एक मदतनीस. आणि या कामाला पगार नाही, ‘मानधन’ म्हणतात.

तरीही रोज सकाळी ताई दारात उभ्या. प्रत्येक पोराला नावानं हाक, केसांवरून हात. मग तेच गाणं, तोच गोल, त्याच चिंचोक्यांची मोजणी. तिसऱ्या दिवशी मला कंटाळा आला. मुलांना अजिबात आला नव्हता! आता काय होणार हे त्यांना आधीच ठाऊक होतं आणि ते तसंच झालं की त्यांचे चेहरे फुलायचे. आपल्याला सरप्राइज हवं असतं. चार वर्षांच्या पोराला कालच्यासारखंच आज हवं असतं.

मराठी माणसाला हे नवं नाही खरं तर. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ मध्ये बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू करायला गेल्या. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी! पुढे १९५७ पासून कोसबाडला आदिवासी मुलांमध्ये काम. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळा कुरणात नेली, ती कुरणशाळा. हे सगळं सुचलं, कारण त्या तिथं राहिल्या. अनुताईंनी तर उरलेलं आयुष्य त्याच भागात घालवलं. चौदा दिवसांच्या पॅकेजमध्ये कुरणशाळा सुचत नाही.

भूकंपानंतरही तसंच झालं. आलेल्यांपैकी बहुतेक परत गेले, पण काही टिकले. राष्ट्र सेवा दलाच्या मंडळींनी नळदुर्गजवळ मुलांसाठी ‘आपलं घर’ उभं केलं. प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोगानं घरबांधणीच्या कामात गावच्या बायकांनाच पुढे आणलं आणि घरं झाल्यावरही काम थांबवलं नाही.

“उद्या येणार?”

एक मुलगी होती. साडेतीन-चार वर्षांची, कायम दाराला टेकून उभी. ताईंशी बोलायची, बाकी कुणाशीच नाही. आठव्या दिवशी ती माझ्याजवळ आली, माझ्या हातात एक चिंचोका ठेवला आणि पळाली. नवव्या दिवशी दोन चिंचोके. मी हवेत!

अकराव्या दिवशी घरी जाताना तिनं विचारलं, “बाई, उद्या येणार?”

“हो.”

“परवा?”

परवा माझी परतीची गाडी होती. तरी तोंडातून निघून गेलं, “हो गं, येणार.”

ताईंनी ते ऐकलं होतं. सगळे गेल्यावर त्यांनी मला समोर बसवलं. “खोटं नका सांगू. मोठी माणसं विसरतात, लेकरं मोजतात.”

रात्रभर झोप आली नाही. पत्र्याच्या शेडबाहेर रस्त्यावर बसलेला चार वर्षांचा दादाच दिसत राहिला.

शेवटच्या दिवशी ताईंनीच मार्ग काढला. मुलांना गोलात बसवलं आणि माझ्याकडून सांगून घेतलं, “मी उद्या नाही. मी पुण्याला माझ्या कामाला जाणार. उद्या दारात ताई असतील, गाणं तेच असेल.” ती मुलगी माझ्याकडे बघत म्हणाली, “मग कवा?” मी म्हटलं, “संक्रांतीनंतर. एक दिवस.” ताईंनी मला बजावलं, आता यायचं म्हणजे यायचं.

आणि मी गेले. सुट्टी टाकून, रात्रभर प्रवास करून, धडधडत्या छातीनं. मुलगी गोलात बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, ओळखीचं हसली आणि पुन्हा ताईंकडे वळून गाणं म्हणायला लागली. ती रस्त्यावर बसली नव्हती. खरं सांगू? थोडं वाईट वाटलं. पण त्याहून जास्त हायसं वाटलं.

आता दर तीन महिन्यांनी जाते, तारीख आधी सांगून. मुलांना ‘शिकवत’ नाही. चित्रांचे तक्ते चिकटवते, फाटकी पुस्तकं शिवते, वह्यांची कामं ताई सांगतील तशी करते. तेवढाच ताईंना मुलांसाठी वेळ मिळतो. बुडबुड्यांचं मशीन? ते ताईंच्या कपाटात आहे. वर्षातून एकदा निघतं, पंगत उठल्यावर!

जायचंय? मग आधी हे वाचा

● अनाथाश्रमाचं पॅकेज असेल तर थांबा. कंबोडियात पाहणी झाली, तेव्हा संस्थांमधल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचं आढळलं. पैसे भरणारे पाहुणे येतात म्हणून मुलं घरापासून तोडली जातात, ही त्यातली काळी बाजू. ऑस्ट्रेलियानं २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी या प्रकाराची दखल घेतली.

● तुमची चौकशी होते का? ओळखपत्र, परवानगी काहीही न मागता लहान मुलं कुणी तुमच्या स्वाधीन करत असेल, तर ती जागा मुलांसाठी सेफ नाही.

● भाषा येते तिथं जा. रडण्याचं कारण कळायला हवं.

● मुलांना नाही, मुलांच्या ताईंना मदत करा. त्या राहणार आहेत, आपण जाणार आहोत.

● तारीख द्या आणि पाळा. जमणार नसेल तर ‘येईन’ म्हणू नका. लेकरं मोजतात!