शोकातून घडलेला खलपुरुष : सौप्तिकपर्वातील अश्वत्थामा

अद्भुतकथेतील खलपुरुष पुष्कळदा जन्मतःच खल असतो. राक्षस दुष्ट का, असे कथा ऐकणारे मूल विचारीत नाही. त्याचे राक्षस असणे हेच त्याच्या दुष्टतेचे पुरेसे कारण असते. कथेला प्रौढत्व आले म्हणजे हे कारण पुरेनासे होते आणि लेखक खलपुरुषाच्या पूर्वायुष्यात डोकावू लागतो. तेथे त्याला बहुधा एखादा मृत्यू सापडतो. कोणाची पत्नी मारली गेलेली असते, कोणाचे मूल, कोणाचा पिता. अलीकडच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांत आणि चित्रपटांत तर ही योजना इतकी रूढ झाली आहे की, क्रौर्याच्या पाठीमागे एखादा शोक दाखविला नाही तर खलपुरुषाची व्यक्तिरेखा अपुरी वाटते. ही योजना सोयीची खरी, पण तीत एक धोका आहे. शोक हे क्रौर्याचे कारण म्हणून सांगता सांगता ते त्याचे समर्थन होऊन बसते. कारण आणि समर्थन यांतील अंतर राखून शोकग्रस्त खलपुरुष कसा रंगवावा, याचा वस्तुपाठ आपल्या वाङ्मयात फार पूर्वी घालून दिला गेला आहे. महाभारताच्या सौप्तिकपर्वातील अश्वत्थामा हा तो वस्तुपाठ होय.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. संस्कृत नाट्यशास्त्राने प्रतिनायकाची जी लक्षणे सांगितली, त्यांत अश्वत्थामा बसत नाही. धनंजयाच्या दशरूपकातील प्रतिनायक लोभी, उद्धत, पापी आणि व्यसनी असतो. दुर्योधनाला हे वर्णन बऱ्याच अंशी लागू पडेल. अश्वत्थाम्याला राज्य नको आहे, संपत्ती नको आहे, स्त्रीचा अभिलाष तर त्याला कोठेच नाही. सौप्तिकपर्वाच्या त्या रात्री त्याला फक्त आपल्या पित्याचे मारेकरी हवे आहेत. अशा मनुष्याच्या हातून महाभारतातील सर्वांत हीन कृत्य घडावे, ही व्यासांच्या कलेतील अवघड जागा आहे, आणि तिचा उलगडा त्याच्या शोकाचे स्वरूप नीट तपासल्यावाचून होत नाही.

युद्धाच्या पंधराव्या दिवशी द्रोणाचा वध झाला. त्यासाठी योजलेले साधन होते पुत्रशोक, आणि तोही खोटा. अश्वत्थामा नावाचा एक हत्ती मारला गेला. भीमाने ती वार्ता द्रोणाच्या कानी घातली. युधिष्ठिराने तिला दुजोरा दिला आणि ‘हत्ती’ हा शब्द अस्फुट उच्चारला. पुत्र गेला असे समजून द्रोणाने शस्त्र खाली ठेवले व तो रथातच योगस्थ बसला. धृष्टद्युम्नाने त्या निःशस्त्र वृद्धाचे केस धरून त्याचे मस्तक उडविले. या रचनेतील समांतरता विलक्षण आहे. पुत्राच्या खोट्या मृत्यूचा शोक पित्याच्या हातून शस्त्र सोडवितो. पित्याच्या खऱ्या मृत्यूचा शोक पुत्राच्या हाती शस्त्र देतो. एकच भावना दोन हृदयांत दोन विरुद्ध कर्मांना जन्म देते. शोकाचे फळ अमुकच, असा सिद्धांत व्यासांना मान्य नव्हता, हे येथेच स्पष्ट होते.

आधुनिक काळात या व्यक्तिरेखेचे सर्वांत प्रभावी पुनर्निर्माण धर्मवीर भारती यांच्या ‘अंधा युग’ (1954) या हिंदी काव्यनाटकात झाले. इब्राहिम अल्काझी यांनी 1963 मध्ये दिल्लीच्या फिरोजशाह कोटल्याच्या भग्न परिसरात ते सादर केले, तेव्हापासून अश्वत्थामा हा युद्धोत्तर मानवाचे प्रतीक म्हणून भारतीय रंगभूमीवर स्थिर झाला. भारतींच्या नाटकात युधिष्ठिराच्या अर्धसत्याने त्याच्यातील कोमल अंशच मारला जातो व तो पशुत्वाला पोहोचतो. मराठीत इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’ (1967) मध्ये निराळी वाट चोखाळली. द्रोण आणि अश्वत्थामा यांच्या शोकांतिकेकडे त्यांनी परधर्म स्वीकारलेल्या ब्राह्मणांची कथा म्हणून पाहिले. या मताला मूळ ग्रंथातच आधार आहे. ब्राह्मणकुळात जन्मूनही दुर्दैवाने आपण क्षात्रधर्म आचरीत आहोत, अशी खंत सौप्तिकपर्वात अश्वत्थामा स्वतःच व्यक्त करतो.

ही दोन्ही विवेचने मोलाची आहेत. तथापि व्यासांनी दिलेला एक तपशील दोहोंच्या कक्षेबाहेर राहतो. सतराव्या दिवशी, कर्ण आणि अर्जुन यांचे अखेरचे द्वंद्व ऐन भरात असताना, अश्वत्थामा दुर्योधनाचा हात हाती घेतो आणि पांडवांशी संधी कर म्हणून त्याची विनवणी करतो. पित्याच्या वधाला तेव्हा अवघे दोन दिवस झालेले आहेत. अर्धसत्याने त्याच्यातील मनुष्य पंधराव्या दिवशीच संपला असता, तर सतराव्या दिवशी ही विनवणी कोणी केली? शोकाने तो पेटलेला होता, यात शंका नाही. पित्याच्या वधानंतर त्याने लगेच नारायणास्त्र सोडले. त्या अस्त्राचा नियम असा की, ज्याने शस्त्र खाली ठेवले त्याला ते इजा करीत नाही. जो धर्म द्रोणाच्या बाबतीत पाळला गेला नाही, तो त्याच्या पुत्राचे अस्त्र मात्र पाळते. पांडवसेना शस्त्रे टाकून वाचते. दुर्योधन ते अस्त्र पुन्हा सोडावयास सांगतो, तेव्हा ते पुन्हा योजता येत नाही असे अश्वत्थामा सांगतो. म्हणजे या अवस्थेत त्याच्या शोकाला अद्यापि मर्यादा आहे. मर्यादा तोडण्याचे सामर्थ्य शोकाला एकट्याने येत नाही.

मग ती मर्यादा कशाने तुटली? अठराव्या दिवशी भीमाने गदायुद्धाचा नियम मोडून दुर्योधनाच्या मांड्या फोडल्या. मरणासन्न दुर्योधनाने अश्वत्थाम्याला सेनापतिपदाचा अभिषेक करविला. पित्याच्या मृत्यूचे दुःख होतेच; त्यात आता अन्यायाची पुनरावृत्ती आणि अधिकार यांची भर पडली. शोकाने ‘माझे गेले’ असे म्हणणे वेगळे आणि ‘माझे येणे आहे’ असे म्हणणे वेगळे. येथून अश्वत्थाम्याचा शोक हिशेबाची भाषा बोलू लागतो. निजलेल्यांना मारणे धर्म्य नव्हे, असे कृपाचार्य म्हणतात, तेव्हा भीष्म, द्रोण, कर्ण, दुर्योधन अशी मोजदाद करून तो उत्तर देतो की, धर्माचा सेतू पांडवांनी अगोदरच शतधा फोडला आहे. त्याचे म्हणणे खोटे नाही, आणि हेच वाचकाला अस्वस्थ करते.

कृपाचार्यांचा उपदेशही मोठा मर्मग्राही आहे. धृतराष्ट्र, गांधारी आणि विदुर यांना विचारू. आज रात्री नीज, सकाळी आम्ही तुझ्याबरोबर लढू, असे ते सांगतात. ते अश्वत्थाम्याला सूड घेण्यापासून परावृत्त करीत नाहीत, केवळ एक रात्र मागतात. दुःख आणि कृती यांच्यामध्ये थोडा काळ जावा, एवढीच त्यांची अपेक्षा आहे. अश्वत्थामा तेवढेच देऊ शकत नाही. आर्त, क्रुद्ध, चिंतामग्न आणि कामनाग्रस्त अशा मनुष्याला झोप कोठली, आणि मी तर या चारही अवस्थांत आहे, असे तो म्हणतो. त्याच्या पित्यासाठी कोणी रडल्याचे, तेरावा-चौदावा दिवस पाळल्याचे चित्र या रणांगणावर नाही. विलापाला वेळ न मिळालेल्या शोकाचे रूप म्हणजे ही निद्राहीन रात्र. त्याच वेळी वडाच्या झाडावर एक घुबड निजलेल्या कावळ्यांना मारताना त्याला दिसते. इतर काही शिकविण्याच्या पलीकडे गेलेल्या मनाला हा एकच धडा पटतो.

आपण पाप करीत आहोत हे त्याला ठाऊक आहे. पित्याच्या मारेकऱ्यांना झोपेत मारून मला कीटकाचा वा पतंगाचा जन्म मिळाला तरी चालेल, असे तो बोलतो. त्याची विवेकबुद्धी शाबूत आहे. तिने सांगितलेली किंमत तो मोजावयास तयार झाला आहे, इतकेच. पुढे शिबिराच्या द्वारात एक भयंकर भूत त्याची सारी अस्त्रे गिळून टाकते, तेव्हा तो स्वतःचाच बळी शिवाला अर्पण करतो. शिव त्याला खड्ग देतो आणि त्याच्या देहात प्रवेश करतो. ‘मी’ला अग्नीत टाकल्यावर उरलेला देह विनाशशक्तीचे पात्र बनतो. येथे अद्भुताची योजना मनोव्यापाराला दृश्य रूप देण्यासाठी झाली आहे. कारण निवडीचा क्षण शिवाच्या प्रवेशापूर्वीच होऊन गेलेला आहे.

यानंतरचे वर्णन करताना व्यास खलपुरुषाविषयीची करुणा आणि त्याच्या बळींविषयीची करुणा यांत तडजोड करीत नाहीत. धृष्टद्युम्न शस्त्राने मरण मागतो. अश्वत्थामा ते नाकारून त्याला लाथांनी पशूसारखा मारतो. निःशस्त्र द्रोणाच्या वधाचे हे विकृत प्रतिबिंब आहे. सूड इथवर तरी हिशेबात बसतो. परंतु द्रौपदीच्या पाच पुत्रांनी द्रोणाचे काय केले होते? पळून जाणाऱ्यांना द्वाराशी कापणाऱ्या कृप-कृतवर्म्यांची, पेटलेल्या शिबिराची गणना कोणत्या ऋणात करावयाची? शेवटी भागीरथीच्या तीरावर पकडला गेलेला अश्वत्थामा एका गवताच्या काडीवर ब्रह्मशिर अस्त्राची योजना करतो. प्रत्युत्तर म्हणून सोडलेले आपले अस्त्र अर्जुन मागे घेऊ शकतो. अश्वत्थाम्याला ते साधत नाही, आणि तो ते पांडवस्त्रियांच्या गर्भांवर वळवितो. पित्यासाठी उठलेला पुत्र न जन्मलेल्या मुलापर्यंत जाऊन पोहोचतो.

त्याच्या पूर्वायुष्याची माहितीही कथा येथेच देते. ब्रह्मशिर अस्त्र अर्जुनाला मिळाल्याचे न साहून त्याने ते पित्याकडे हट्टाने मागून घेतले होते. द्वारकेत जाऊन कृष्णाचे चक्र मागितले आणि त्याला ते उचलता आले नव्हते. याउलट, श्रीमंतांच्या मुलांना दूध पिताना पाहून रडणारा आणि पिठाचे पाणी दूध समजून आनंदाने नाचणारा बाल अश्वत्थामाही आदिपर्वात आहेच. शोकाने हा स्वभाव निर्माण केला नाही. त्यातील एक प्रवृत्ती बळावली आणि दुसरी बुजली.

भरताने रौद्रापासून करुणाची उत्पत्ती सांगितली आहे. सौप्तिकपर्वात प्रथम हा क्रम उलटतो, शोकातून क्रोध जन्मतो. आणि पुढील स्त्रीपर्वात तो पूर्ववत होतो, क्रोधाच्या कर्मातून शेकडो स्त्रियांचा शोक उभा राहतो. अश्वत्थाम्याच्या दुःखाइतकीच, किंबहुना अधिक मोठी दुःखे तेथे आहेत, आणि त्यांतील बहुतेक दुःखे कोणाचाही जीव घेत नाहीत. महाभारतातील द्रौपदी पुत्रांच्या मारेकऱ्याचा प्राण मागते आणि त्याच्या मस्तकावरील मण्यावर समाधान मानते. भागवताच्या पहिल्या स्कंधात तर ती याही पुढे जाते : बांधून आणलेल्या अश्वत्थाम्याला सोडावयास सांगते, कारण आपण जशा रडत आहोत तशी त्याची आई रडू नये, एवढीच तिची इच्छा आहे. पाच पुत्रांच्या शोकाला जे साधले ते एका पित्याच्या शोकाला साधले नाही. शोकग्रस्त खलपुरुषाच्या कथेत अशी द्रौपदी असणे अत्यावश्यक आहे. ती नसेल, तर त्याला दुसरा मार्गच नव्हता असे वाचकाला वाटू लागते आणि कारणाचे समर्थन होते.

कृष्णाने त्याला दिलेला शाप मृत्यूचा नाही. तीन हजार वर्षे एकाकी, रक्त-पुवाच्या दुर्गंधीसह निर्जन प्रदेशांत भटकण्याचा तो शाप आहे. चिरंजीवांच्या नामावळीत आपण ज्याचे नाव प्रथम घेतो, त्याचे चिरंजीवित्व सौप्तिकपर्वात शिक्षा म्हणून येते. लोकपरंपरेने त्याच्या कपाळी भळभळती जखम दिली. सातपुड्याच्या रानांत आणि नर्मदाकाठी तो त्या जखमेसाठी तेल मागत फिरतो, असे लोक सांगतात. या लोककथेने त्याच्या अपराधाची क्षमा केलेली नाही, कारण ती जखम कधी भरत नाही. पण तेल मागणाऱ्याला नकार द्यावा, असेही ती कोणाला सांगत नाही.