फोटो फेअरला पहिल्यांदा जाताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा. वाशिम जिल्ह्यातल्या या सहाही तालुक्यांत लग्नाचे फोटो काढणारी नवी मुलंमुली दिसतात. मुंबईच्या फोटो फेअरचा विषय काढला की त्यांच्याकडून ठरलेली उत्तरं येतात. ‘ते मोठ्यांचं काम’, ‘तिथं कॅमेरा स्वस्त मिळते म्हणे’, ‘दोन दिवसांत सगळं शिकवतात’. यातलं एक उत्तर माणसाला घरी बसवतं आणि बाकीची दोन चुकीच्या तयारीनं पाठवतात.

मोठ्यांच्या कामाचं आधी पाहू. गोरेगावच्या बॉम्बे एक्झिबिशन सेंटरमध्ये भरत आलेला हा फोटो फेअर, म्हणजे कन्झ्युमर इलेक्ट्रॉनिक इमेजिंग फेअर, हा फोटोग्राफीच्या व्यापाऱ्यांच्या अखिल भारतीय संघटनेचा उपक्रम. अशा ठिकाणी कॅमेरा कंपन्या असतातच, पण करिझ्मा अल्बम छापणाऱ्या लॅब, प्रिंटर, लाइट, स्टँड, बॅगा विकणारेही दुकान मांडतात. त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे तालुक्याच्या गावातला स्टुडिओवालाच. बोलणं हिंदीत चालतं, मराठीतही चालतं. इंग्रजीवाचून काही अडत नाही. फक्त एक फरक ध्यानात ठेवा. स्टॉलचं दालन वेगळं आणि नामांकित फोटोग्राफरची कार्यशाळा वेगळी. लास वेगासच्या डब्ल्यूपीपीआय या लग्न-फोटोग्राफीच्या संमेलनातही प्रदर्शन आणि वर्ग अशा दोन बाजू राहत आल्या आहेत. कार्यशाळेची फी सहसा निराळी असते, तेव्हा पैसे भरण्याआधी पासात काय काय धरलंय ते विचारून घ्या. अंतराचंही आता तेवढं वाटू नये. मुंबईकडे जाणारा समृद्धी महामार्ग आपल्याच जिल्ह्यातून जातो आणि शेलूबाजारजवळ त्यावर चढता येतं.

स्वस्ताईच्या आशेनं मात्र जाऊ नका. सवलत कधी मिळते, कधी अकोल्याचा दुकानदारही तेवढीच देतो. बिल आणि कंपनीची भारतातली वॉरंटी नसेल तर स्वस्त कॅमेरा पहिल्याच बिघाडाला महाग पडतो. फेअरचा खरा फायदा वस्तू हाताळण्यात आहे, म्हणून आपली जुनी लेन्स सोबत न्या. समजा तुमच्याकडे निकॉनची 85 एमएमची जुनी ‘डी’ मालिकेतली लेन्स आहे आणि मिररलेस कॅमेरा घ्यायचा विचार चालू आहे. त्या लेन्समध्ये स्वतःची मोटर नसते. जुन्या बॉडीतली मोटर तिचा फोकस फिरवायची. जुनी लेन्स मिररलेसवर बसवणाऱ्या निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये ती मोटर नाही. लेन्स बसते, फोटो येतो, पण फोकस हातानं करावा लागतो. अंतरपाट खाली येऊन वधू-वर एकमेकांकडे पाहतात त्या क्षणी हे चालणार नाही. उलट कॅननच्या ईएफ लेन्स कंपनीच्या अडॅप्टरवर आरएफ मिररलेस बॉडीला ऑटोफोकससकट चालतात. हे स्टॉलवर पाच मिनिटांत कळतं. परवानगी घेऊन आपलं कार्ड घाला, दालनाच्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे कॅमेरा वळवा आणि त्या फायली घरी मोठ्या पडद्यावर पाहा.

‘सगळं शिकवतात’ हा समज मला सर्वांत जास्त खटकतो. मंचावर सजवलेली मॉडेल असते, लाइट आधीच लावलेले असतात. तिथं काढलेला फोटो चांगला येणारच. तो आपल्या लग्नाचा म्हणून पेजवर टाकणं ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे, हे मी ठामपणे सांगेन. आपल्याकडचा प्रकाश वेगळा. लाल-पिवळ्या कापडाचा मंडप, वर उन्हाळ्याचं ऊन, सगळ्यांचे चेहरे केशरी. फ्लॅश वर फिरवून मारला तर त्या कापडावरून लालच प्रकाश परत येतो. संध्याकाळी स्टेजवर स्वस्त एलईडी लागतात आणि फोटोत आडवे पट्टे उमटतात. कॅमेरा बिघडला म्हणून पोरं घाबरतात, पण कारण वेगळंच आहे. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे असा दिवा सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतो. शटर 1/100 किंवा 1/50 वर आणलं की पट्टे बरेचसे जातात. डीजेच्या लाइटची गती निराळी असते, तिथं हा उपाय पुरत नाही. कार्यशाळेत असे फोटो मोबाइलमध्ये घेऊन जा आणि बोलणाऱ्याला दाखवा. त्याच्या निवडक वीस फोटोंपेक्षा या एका उत्तरानं जास्त काम होईल.

तिथून परतलेल्या काहींच्या डोक्यात आणखी एक खूळ शिरतं: कँडिड म्हणजे कला, आणि ट्रॅडिशनल म्हणजे मागासलेलं. हे साफ चूक आहे. आहेराच्या वेळी मामा, आत्या, चुलत आजोबा स्टेजवर येतात. त्यांचा नवरानवरीसोबतचा सरळ, डोळे उघडे असलेला फोटो घरच्यांना हवाच असतो. पुढं त्यातलं कोणी राहत नाही, तेव्हा घरात तोच फोटो शोधला जातो.

कागदपत्रांबद्दलचे गैरसमज मात्र खिशाला लागतात. ‘मी काढला म्हणजे फोटो माझा’ असं लग्नाच्या कामात नसतं. कॉपीराइट कायदा 1957च्या कलम 17 प्रमाणे मोबदला घेऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम देणारा असतो. ड्रोनचंही तसंच. ड्रोन नियम 2021 प्रमाणे 250 ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. त्यापुढच्या, 2 किलोपर्यंतच्या मायक्रो ड्रोनला ही सूट फक्त बिगर-व्यावसायिक उडवण्यासाठी आहे. पैसे घेऊन वरात टिपणं व्यावसायिकच. स्टॉलवाला ‘काही लागत नाही’ म्हणाला, तर ड्रोनचं वजन आणि नोंदणी दोन्ही विचारा. आणि लग्नाचं काम घेताना कोटेशनवर एक ओळ वाढवून दोघांच्या सह्या घ्या: कोणते फोटो पेजवर टाकायचे, कोणते नाहीत.