विमा लगेच का मिळत नाही?

मुलांनो, दुकानात पैसे दिले की वस्तू हाती पडते. आयुर्विम्याचे तसे नाही. अर्ज भरला, हप्ता दिला, तरी पॉलिसी मिळायला काही दिवस, कधी काही आठवडेही लागतात. कंपनी वय, उत्पन्न आणि जुने आजार पाहते. कधी रक्तही तपासून घेते. एखादा कागद कमी असला की अर्ज तिथेच अडकतो! ही चौकशी आधीच करावी लागते, कारण आजच्या कायद्याप्रमाणे तीन वर्षे झालेल्या पॉलिसीवर कंपनीला शंका घेता येत नाही. म्हणून तंबाखूची सवयसुद्धा अर्जात खरी लिहावी.

एका गृहस्थांनी डिसेंबर १९६० मध्ये अर्ज केला. पैसे जमा झाले. पण मंजुरीपूर्वीच, जानेवारीत, ते वारले. घरच्यांनी दावा लावला. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : हप्ता घेतला म्हणजे अर्ज मंजूर झाला, असे नाही.