खांद्याची शस्त्रक्रिया आणि स्टेरॉइडचे इंजेक्शन

खांद्याच्या सांध्याभोवती चार स्नायूंच्या कंडरांचे वेष्टन असते. डॉक्टर त्यास ‘रोटेटर कफ’ म्हणतात. पडल्यामुळे किंवा वयोमानानुसार होणाऱ्या झिजेमुळे यांतील एखादी कंडरा फाटली की हात वर उचलणे, इतकेच काय, त्या कुशीवर झोपणेही कठीण होते. फाटलेली कंडरा शस्त्रक्रियेने दंडाच्या हाडाला पुन्हा जोडता येते. मात्र टाके घातले म्हणजे कंडरा जुळली असे नव्हे. ती हाडाशी पक्की होण्यास साधारणतः तीन महिने लागतात. पहिले चार ते सहा आठवडे हात झोळीत ठेवावा लागतो, आणि या काळात, विशेषतः रात्री, खांदा चांगलाच ठणकतो.

अशा वेळी ‘एक इंजेक्शन देऊन टाका’ असा आग्रह होतो. शेतीची वा बांधकामाची कामे खोळंबलेली असताना तो स्वाभाविकही आहे. हे औषध कॉर्टिसोन या संप्रेरकाच्या कुळातील होय. १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्टिसोन संधिवातावर प्रथम वापरले. १९५० मध्ये हेंच, केंडल व राइकस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. स्टेरॉइड दाह शमविते, म्हणून वेदना कमी होते. परंतु जखम भरून येण्याची सुरुवातही दाहानेच होते, आणि खरी मेख इथेच आहे.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यात हे इंजेक्शन घेतलेल्या रुग्णांत जंतुसंसर्गाचे प्रमाण अधिक आढळले आहे. याउलट, सुमारे आठ आठवड्यांनंतर दिलेल्या इंजेक्शनाने वेदना कमी झाली आणि कंडरा पुन्हा फाटण्याचे प्रमाण वाढले नाही, असे चाचण्यांतून दिसून आले. म्हणजे प्रश्न औषधाचा तितका नाही, जितका वेळेचा आहे. तोवर वेदनाशामक गोळ्या, बर्फाचा शेक आणि उशीच्या आधाराने अर्धवट बसून झोपणे यांवर भागवावे लागते.

मधुमेही रुग्णांनी आपला आजार आधीच सांगितला पाहिजे. या इंजेक्शनानंतर रक्तातील साखर काही दिवस वाढते. शस्त्रक्रिया शहरात आणि पुढील उपचार गावात, असे अनेकदा घडते. त्यामुळे रुग्णालयाचे कार्ड दाखविल्याशिवाय आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय खांद्यात कोणतेही इंजेक्शन घेऊ नये. ताप आला, जखम लाल झाली किंवा तीतून पाणी येऊ लागले, तर त्याच दिवशी त्यांच्याकडे जावे. इंजेक्शनाने ठणका थांबला तरी ओझे उचलण्याची त्यांनी दिलेली तारीख अलीकडे येत नाही.