साप माणसाळतो का?

मी पोखर्णीचा. परभणी जिल्ह्यातलं नृसिंहाचं पोखर्णी. गावाचं नाव सांगितलं की बाहेरचे लोक देवळाबद्दल विचारतात, होस्टेलवाले मात्र सापांबद्दल! यंदा एका ज्युनिअरने मोबाईलवर गळ्यात बॉल पायथन घातलेल्या एका मुलाचा व्हिडिओ दाखवला आणि विचारलं, "दादा, असलं पिल्लू घेतलं तर त्याला हाताची सवय कशी लावायची? नवीन पिल्लू लई बुजतं म्हणे." प्रश्न चांगला आहे. उत्तर जरा लांब आहे, म्हणून इथे लिहितोय.

आधी साप बुजतो म्हणजे काय ते बघू. सापाला बाहेरचा कान नसतो, पण तो बहिरा नाही. जमिनीची कंपनं जबड्याच्या हाडांतून त्याच्या आतल्या कानापर्यंत पोचतात आणि हवेतले खालच्या पट्टीतले काही आवाजही त्याला कळतात. जीभ सारखी आतबाहेर होते ती वास गोळा करायला. हवेतले कण ती टाळूतल्या जेकबसन अवयवापर्यंत नेते. बॉल पायथनच्या ओठांवर तर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात. म्हणजे आपला हात त्याला नुसता दिसत नाही. गरम, वास असलेलं, हादरे देणारं असं काहीतरी मोठं जवळ आलेलं त्याला कळतं. एवढ्या सगळ्या सेन्सरवर एकदम सिग्नल आला की तो एकच अर्थ काढतो, खाणारा आला! मग तो डोकं मध्ये लपवून शरीराचा चेंडू करतो. त्याचं 'बॉल' हे नाव त्यावरूनच पडलं. मूळचा हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, दिवसा बिळात राहणारा, रात्री फिरणारा प्राणी.

परवाने घेऊन असे साप सांभाळणारे लोक त्याला कसं हाताळतात? पहिला आठवडाभर हातच लावत नाहीत. लपायला अंधारी खोकी, पाणी, एका बाजूला ऊब, एका बाजूला गारवा, बस्स. तो नियमित खायला लागला की पुढची पायरी. खाणं सुरू झालं म्हणजे भीती उतरली असं समजायचं. मग रोज थोडा वेळ पेटीत हात नुसता स्थिर ठेवायचा. हात आधी धुवायचे, कारण हाताला उंदराचा वास असेल तर गरम हात म्हणजे त्याच्या हिशेबाने जेवणच. उचलायच्या आधी हूकने अंगाला हळूच स्पर्श करायचा. त्यातून 'आता खाणं नाही, उचलणं आहे' एवढं त्याला कळतं. हात वरून आणायचा नाही, झडप वरूनच येते. बाजूने, शरीराच्या मध्याखाली दोन्ही हातांचा आधार द्यायचा. सुरुवातीला पाच मिनिटं, आठवड्यातून दोन-तीनदा. फुसकारला की घाबरून लगेच खाली टाकायचं नाही आणि आवळून धरायचंही नाही. स्थिर राहायचं आणि तो शांत झाला की परत ठेवायचं. खाल्ल्यावर निदान दोन दिवस हात लावायचा नाही, नाहीतर तो खाल्लेलं बाहेर टाकतो. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ होतात, तेव्हाही सुट्टी.

एवढं केल्यावर साप माणसाळला का? नाही. कुत्र्यासारखा जीव लावत नाही तो. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा घडूनही धोका झाला नाही, तर मज्जासंस्था तिला प्रतिसाद देणं कमी करते. याला सवय होणं म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर अलार्मचा थ्रेशोल्ड वर सरकला, अलार्म काही काढून टाकलेला नाही.

आता आपल्याकडचा 'माणसाळलेला' साप आठवा. श्रावणात गारुड्याच्या टोपलीतला नाग. पुंगीवर डोलतो असं आपण लहानपणापासून ऐकतो. खरं तर तो पुंगीच्या हालचालीवर नजर ठेवून असतो आणि फणा काढणं हा त्याचा बचाव आहे. अशा नागांचे दात अनेकदा उपटलेले असतात आणि पाण्यावाचून त्यांना तहानलेलं ठेवतात. मग समोर आलेलं दूधही ते पितात, पण ते त्यांना पचत नाही. हा साप शांत दिसतो तो सवयीने नाही, अर्धमेला झाल्याने.

सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याची नागपंचमी महाराष्ट्रभर प्रसिद्ध होती. लोक रानातून जिवंत नाग पकडत, मडक्यात ठेवत, पूजा करून मिरवत आणि पुन्हा सोडून देत. त्या लोकांची नागावर श्रद्धा होती, हे नाकारता येणार नाही. पण नागाच्या बाजूने बघा. ओळखीची जागा गेली, गर्दी, वाजंत्री, शंभर हात. सवय व्हायला लागणारा वेळ आणि शांतता यातलं काहीच नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०१४ पासून तिथली जिवंत नागांची पूजा बंद झाली. २०२५ मध्ये केंद्राने २१ नाग पकडायला परवानगी दिली, पण ती शिक्षण आणि संवर्धनाच्या कामापुरती.

कायद्याचंही स्पष्ट सांगतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर नाग, घोणस, धामण, अजगर हे सगळे पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांना पकडून ठेवलं तर तीन ते सात वर्षं कैद होऊ शकते. "धामण बिनविषारी आहे, बाटलीत ठेवली तर काय होतं?" याचं उत्तर हे आहे. बॉल पायथन परदेशी असला तरी आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या यादीत आहे. तो बाळगायचा तर २०२४ च्या नियमांप्रमाणे परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते, कागदपत्रं लागतात. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाकडे खाऊच्या पाकिटांत लपवलेले बॉल पायथन सापडले होते. बिनकागदाचं पिल्लू कुठून आलं असेल, याचा अंदाज करा. बुजणार नाही तर काय करेल ते?

आणि सगळ्यात महत्त्वाचं. व्हिडिओ बघून हात लावायची हौस गावाकडे आली की खेळ जिवाशी येतो. आमच्याकडे सोयाबीनची गंजी लागली की उंदीर येतात आणि उंदरामागे साप. अंगावर पांढरे पट्टे असलेला कवड्या बिनविषारी, तसेच पट्टे असलेला मण्यार अतिविषारी. रात्री बॅटरीच्या उजेडात फरक करायला जाऊ नका. मण्यार चावल्यावर बऱ्याचदा दुखत नाही, सूजही येत नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाला कळतसुद्धा नाही आणि पहाटे पापण्या जड होतात, श्वास अडतो. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, असा एका अभ्यासाचा अंदाज आहे. त्यातली बहुतेक खेड्यातली.

म्हणून घरात, शेतात, होस्टेलच्या बाथरूममध्ये साप दिसला तर वरचेच नियम उलटे वापरा. लांब उभे राहा, पाय आपटू नका, काठी घेऊ नका, त्याला निघायला वाट ठेवा. एकाने नजर ठेवावी, दुसऱ्याने सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करावा. चावलाच तर चिरा देणं, आवळून बांधणं, मांत्रिक हे सगळं सोडून अवयव न हलवता १०८ ला फोन, आणि जिथे प्रतिसर्पविष आहे त्या सरकारी दवाखान्यात थेट.

सापाला आपली सवय लावायला महिने जातात. आपल्याला सापाची सवय लावायला एवढा वेळ लागू नये. तो बांधावरून जात असेल तर जाऊ द्यावं, उंदीर खाऊन तो आपलंच धान्य राखतोय.